सीदी मग्रबींची शिंक

शुक्रवारी सकाळी कैरोच्या कराफा कबरस्तानात मेलेल्यांपेक्षा जिवंतांचीच दाटी असते. त्या शुक्रवारी निम्मी दाटी सीदी मग्रबींच्या कबरीपुढे होती. कारण कित्येक शतकांपूर्वी वारलेले वली, म्हणजे संत, सीदी मग्रबी हल्ली पुन्हा श्वास घेऊ लागले होते.

"छाती हलली! हलली!" एक म्हातारी किंचाळली. लाकडी कबरीवरची हिरवी चादर खरोखरच फुगली आणि हळूच खाली बसली.

"डॉक्टर नाडी बघतो, आमचे वली नशीब बघतात," कबरीचा रखवालदार शेख दसूकी मधाळ आवाजात म्हणाला. "ज्याच्यासाठी वली श्वास घेतात, त्याला औषध कशाला? ठेवा बाटल्या उंबऱ्यावर!"

डॉक्टर सौसन गर्दीच्या कडेला उभी होती. तिच्या धाकट्या बहिणीने, तहानीने, याच उंबऱ्यावर आपलं इन्सुलिन ठेवलं होतं. ती आता दोन गल्ल्या पलीकडे मातीखाली होती. आणि आज तहानीचा नवरा अतवा मुलीला घेऊन आला होता. रीहामला आईचाच मधुमेह. तिचीही बाटली नुकतीच उंबऱ्यावर गेली होती.

"अतवा, बायको पुरलीस तेवढ्याने भागलं नाही?"

"ताई, तहानीची श्रद्धा कमी पडली. शेख म्हणाले तसं."

"वा! मरायचं तिने आणि चूकही तिचीच."

"मावशी, भांडू नको गं," रीहाम कोरड्या ओठांनी पुटपुटली.

सौसन भांडली नाही. तिने राग लोणच्यासारखा मुरवला होता. मागच्या खेपेला चादरीचं चुंबन घ्यायला ती वाकली, तेव्हा वलींच्या श्वासाला तळलेल्या वांग्याचा आणि स्वस्त तंबाखूचा वास आला. एवढ्या जुन्या मृताने न्याहारी केली, याचं तिला कौतुक वाटलं. मग ती मागच्या अंगाला गेली. तिथे जमिनीखाली मृतांना ठेवायची दोन तळघरं, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. बायकांच्या बाजूला एक झरोका होता आणि त्यातलं कोळ्याचं जाळं थेट चादरीच्या तालावर आतबाहेर करत होतं.

आज ती धूपपात्र घेऊन आली होती. धूप घेऊन फिरणाऱ्या बाईला कबरस्तानात कोणी काही विचारत नाही. धुपात तिने मूठभर सुक्या लाल मिरच्या मिसळल्या, पात्र झरोक्याशी ठेवलं आणि पुढे येऊन शांत उभी राहिली.

चादर एकदा फुगली. दुसऱ्यांदा अर्धीच फुगली. मग कबरीतून आवाज आला:

"आऽऽक्छी!" आणि लगोलग, जन्माच्या सवयीने, "अल्हम्दुलिल्ला!"

शिंकणाऱ्याला उत्तर द्यायचं हे पाळण्यातच शिकलेली गर्दी एका सुरात म्हणाली, "अल्ला तुझ्यावर दया करो!"

"आणि तुम्हाला सन्मार्ग दाखवो," कबर चोंदल्या नाकाने उत्तरली. आणि पुन्हा शिंकली.

म्हातारी कबरीजवळ सरकली.

"वलींना सर्दी झाली?" तिने विचारलं.

"चमत्कार! वली बोलले!" दसूकी ओरडला.

"बोलले ना? मग बाहेरही बोलवा," सौसन म्हणाली. "मिरचीचा धूर आहे, गुदमरतील बिचारे."

बोलवावं लागलं नाही. बायकांच्या तळघराची फरशी धाडकन सरकली आणि डोळे चोळत झगलूल वर आला, दसूकीचा सख्खा मेहुणा. काखेत लोहाराचा भाता, भात्याला रबरी नळी. नळीचं दुसरं टोक पोकळ लाकडी कबरीत शिरलेलं होतं.

"माझी सासू निजलीय तिथे, मेल्या! बायकांत बसून वांगी खातोस?" म्हातारीने चप्पल काढली.

झटापटीत दसूकीच्या खिशातून काहीतरी खाली पडलं. इन्सुलिनचं पेन.

अतवा पांढराफटक पडला. "ठेव उंबऱ्यावर," तो दसूकीला म्हणाला. "ठेव! वली श्वास घेतील."

"नको! दुपारचा डोस राहिलाय माझा!" दसूकीने पेनावर झडप घातली, पण तोवर ते सौसनच्या हातात होतं.

ते टाचेखाली चिरडायचाच काय तो अवकाश. दसूकी तिच्या टाचेकडेच बघत होता. तिने त्याला पोटभर बघू दिलं. मग पेन पुढे केलं.

"घे. वेळेवर घेत जा. तू मला जिवंत हवा आहेस. मेलेल्याला न्यायाधीश शिक्षा देत नाहीत, आणि तुला पुष्कळ वर्षं आत बसायचंय."

ती गर्दीकडे वळली. "वलींसाठी फातिहाची प्रार्थना वाचा, मीही वाचते. पण गेलेले श्वास घेत नाहीत. श्वास घेणारे तुम्ही आहात, तो चालू ठेवायला औषध लागतं. कोणी काही सांगितलं तर आधी विचारा, कसं? उचला आपापल्या बाटल्या."

पहिली बाटली अतवाने उचलली. "ताई, किती द्यायचं हिला?"

"आधी रक्त तपासू," सौसन म्हणाली. "न तपासता सांगणं हे शेखांचं काम."