रुखमाचं पाणी

सत्यशीला मास्तरीण म्हणून गावात रुजू झाली ते साल एकसष्ट. ढाणकीपासून दोन कोसांवरचं दीडशे उंबऱ्यांचं खेडं. तिचा बाप डोमाजी, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलेला. पोटाला चिमटा घेऊन त्यानं पोरीला शिकवलं होतं. शाळेत तिला कोणी वाकडं बोललं नाही. फक्त भाड्यानं खोली मिळेना. कोणाकडे पाहुणे यायचे होते, कोणाचं छप्पर गळत होतं. बौद्ध वस्तीत आठ झोपड्या, त्या माणसांनी गच्च. शेवटी पोलीस पाटलानं हसत सांगितलं, की कपाशीच्या वावराला लागून मथुराबाईची एक खोली पडून आहे, तिथे राहा, कोणाची हरकत असणार नाही.

हरकत का नसणार, ते तिला वस्तीतल्या म्हाताऱ्या पंचफुलानं सांगितलं. गावची विहीर दोघींनाही बंद, त्यामुळे नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर त्या सोबतीनं पाणी भरत. मथुराबाईची विधवा लेक रुखमा माहेरी राहत होती. दहा वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा भावानं तिला या खोलीत आणून टाकलं, आणि भीतीनं कोणी फिरकलं नाही. पंचफुला वावरातून परत येत होती. आतून पाणी मागितल्याचं ऐकून ती आपला तांब्या घेऊन दारात गेली.

"तिनं इचारलं, कोणाची तू? मी सांगतलं. तिनं तोंड फिरवलं," पंचफुला म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मेली. मी खोटं बोलली असती, बाई, तं ते पोरगी वाचली असती."

तेव्हापासून त्या खोलीत रुखमा पाणी मागते, असं गाव म्हणे. सत्यशीलाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पावसाळा गेला, हिवाळा गेला, काही झालं नाही. चैत्रात सकाळची शाळा सुरू झाली आणि ती दुपारी घरी राहू लागली. एके दिवशी ऊन असं तापलं होतं की वावरात पाखरू बोलत नव्हतं. दारातून आवाज आला, "बाई, घोटभर पाणी दे."

ती तांब्या भरून उठली. पायरीवर सावली होती. सावली पाडणारं कोणी नव्हतं.

"कोणाची तू?" आवाजानं विचारलं.

ती दोन पावलं मागे सरली. तरी म्हणाली, "डोमाजीची लेक. बौद्ध."

"पह्यले कोण होते तुमी?"

हाच प्रश्न गावानं तिला पहिल्या दिवशी विचारला होता, याच गोडीनं. तिनं सांगितलं. सावली पायरीवरून हळूहळू मागे सरली, जशी ओल्या फरशीवरून ओल सरते, आणि उन्हात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही, जणू आधी काही विचारलंच नव्हतं. पहिले काही दिवस सत्यशीलाला झोप लागली नाही. मग भीती विरली आणि राग आला. जिवंत माणसांचं ऐकून घ्यावं लागतं, पण मेलेल्यांचंही? आणि त्या आवाजातली कोरड तर दिवसेंदिवस वाढत होती. अखेर एका दुपारी, पंचफुलाचं बोलणं आठवून, ती खोटं बोलली. म्हणाली, "कुणब्याची."

सावलीतून एक हात पुढे आला. काळवंडलेला, सालटं निघालेला, बांगडी नसलेला. बोटं तांब्याला लागणार तोच सत्यशीलानं तांब्या मागे ओढला. तिच्या हातून ते झालं नाही. बापानं दिलेलं नाव एका घोटासाठी पुसायचं तिला जमेना. हात तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला. ती कोपऱ्यात बसून रडली, स्वतःवर चिडली, आणि संध्याकाळी थेट मथुराबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

ओसरीवर मथुराबाई कापूस निवडत बसली होती. सत्यशीलानं सगळं सांगितलं. म्हातारीनं मान वर केली नाही, की तिला जा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मात्र ती एकटीच, रिकाम्या हातानं, खोलीवर आली. आत पाऊल न टाकता दाराशी टेकली.

आवाज आला तेव्हा म्हातारी चौकट धरून पुढे वाकली.

"रुखमे," ती म्हणाली.

सावली वळली. "माय, तू आली नाहीस तं कोणाच्या हातचं पिऊ? तूच म्हटलं होतं, कोणाच्याबी हातचं पेजो नोको."

मथुराबाईनं तोंडावरून पदर फिरवला. मग सत्यशीलाकडे न पाहता म्हणाली, "हाव, मीच म्हटलं होतं. ते बिमार होती, गाडीत टाकताना कानात सांगतलं होतं." तिनं हात पुढे केला. "आण तो तांब्या."

सत्यशीलाला वाटलं, नाही द्यावा. इतक्या वर्षांनी हात पुढे होतो, तोही स्वतःच्या लेकीसाठी. तरी तिनं दिला. मथुराबाईनं डोळे मिटले, तांब्याला तोंड लावलं आणि घोट गिळला. घसा हललेला दिसला. मग तिनं उरलेलं पाणी पायरीवर सावलीच्या ओंजळीत ओतलं. अख्खा तांब्या रिता झाला. पायरी कोरडीच राहिली.

त्या दुपारनंतर आवाज आला नाही.

गावात ही गोष्ट दिवे लागायच्या आत पोचली. मुलानं आईला शुद्धी करून घ्यायला सांगितलं. तिनं नकार दिला, तेव्हा घरचे तिचं ताट गोठ्याजवळ वेगळं वाढू लागले. विहीर होती तशीच बंद राहिली. सहा महिन्यांत सत्यशीलाची बदली कळंबला झाली. अर्ज कोणी केला ते तिनं विचारलं नाही. ती गेल्यावर मथुराबाई आपलं अंथरूण घेऊन वावरातल्या खोलीत राहायला आली, ती परत घरी गेली नाही. शेवटची चार वर्षं तिचं पाणी पंचफुलाच भरत होती.