आखूड पाइप

"मुंगीला त्या सहलीला पाठवायचं नाही," असं म्हणून सासऱ्यांनी शाळेचा कागद उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

मी डबा भरत होते. माझी बस सव्वासातची. आठ वाजता हॉस्पिटलात एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग लागलेली असते, आणि इथे हे नवीन.

"का पण बाबा?"

"नाही म्हणजे नाही. कारणं द्यायला मी काय कोर्टात उभा आहे?"

मुंगी म्हणजे माझी नऊ वर्षांची लेक. एक बूट पायात, एक हातात, अशी ती तिथेच बसली आणि तिने भोकाड पसरलं. अख्खा वर्ग जाणार, तिनेच काय कुणाचं घोडं मारलंय? सहल कुठे, तर समुद्रकाठच्या राखीव जंगलात. झाडं ओळखायची, पक्षी बघायचे, आत जुन्या काळची तटबंदी आणि तोफांचा बुरूज आहे तो बघायचा, आणि दुपारी बुरुजाच्या भिंतीखाली हिरवळीवर बसून डबे खायचे. कागदावर सगळं नीट छापलं होतं. आता त्यावर कपाचा ओला गोल उमटला होता.

माझा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात भांडायला मी आणि सासरे दोघंच, आणि आम्ही ते मन लावून करतो. पण त्या सकाळी मी भांडले नाही. ज्या आजोबांनी नातीला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, तिच्या बाहुलीला विटांचं घर बांधून दिलं, खिडकीसकट, ते नाही म्हणतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मी मुंगीचे डोळे पुसले, दुसरा बूट घातला आणि बस पकडली. दिवसभर मात्र डोकं तापलेलंच होतं. दोन माणसांना मी 'श्वास रोखून धरा' म्हणाले आणि 'सोडा' म्हणायला विसरले.

संध्याकाळी आले तर ते मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. चार दिवसांपूर्वीपर्यंत पाऊस नुसता झोडपत होता, आणि आता उन्हाने कुंड्या सुकल्या होत्या. आमचा पाइप जाड लाल रबराचा, माझ्या लग्नाआधीपासूनचा. ठिगळं लावून लावून चाललाय. तो सगळ्या कुंड्यांपर्यंत पोचतो, फक्त शेवटच्या गुलाबापर्यंत पोचत नाही. तिथे आले की सासरे रोज तेच म्हणतात. तेव्हाही म्हणाले.

"सव्वाआठ फूट पाइप घालवला बाईनं."

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. सासरे गवंडी, आणि सासूबाई जन्मभर त्यांच्या हाताखाली मसाला कालवायच्या, विटा द्यायच्या, बांधकामावर पाणी मारायच्या. कुठल्याशा कामावरून पाइप आखूड होऊन आला आणि कसा ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "उंदरानं खाल्ला." सासऱ्यांनी टेप लावून मोजला होता. चार दिवस बोलले नव्हते बायकोशी. आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण ते. मी सून म्हणून आले तेव्हा भांड्यांबरोबर त्याचीही मला ओळख करून देण्यात आली.

मी नळ बंद केला. "बाबा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सहलीचं काय आहे ते सांगा."

ते पायरीवर बसले. नखातलं काहीतरी काढत राहिले.

"त्या बुरुजाची भिंत मी दुरुस्त केलीय. बावीस वर्षं झाली."

"मग चांगलंच की! पोरगी मिरवेल शाळेत."

"ती पडेल गं."

मला आधी हसू आलं. त्यांचा चेहरा बघून ते गेलं.

"भिंतीमागे अख्ख्या टेकडीची माती आहे," ते म्हणाले. "खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर अकरा भोकं होती ओळीनं. मला वाटलं, परांचीची. जुने गवंडी परांची बांधायला भिंतीत वासे खुपसायचे आणि काम झालं की भोकं तशीच टाकून जायचे. म्हटलं, आळशी लेकाचे. सगळी बुजवली. अशी बुजवली की शोधून सापडायची नाहीत."

"बरं, मग?"

"मग वर्षानं दुसऱ्या कामावर एक इंजिनिअर कुणाला तरी झापत होता. म्हणे, मातीच्या भिंतीला भोकं ठेवायची असतात, मागचं पाणी बाहेर यायला. नाहीतर पाणी साठतं आणि एक दिवस भिंत घेऊन येतं. मी होतो तिथंच खाली बसलो."

"सांगितलं नाहीत कुणाला?"

"काय सांगू? कामं बंद झाली असती. म्हटलं, हा पावसाळा जाऊ दे. मग पुढचा जाऊ दे. परत तिकडं फिरकलोच नाही." त्यांनी डोळ्यांवर हात फिरवला. "आता पोरं बसणार तिच्याखाली. चाळीस पोरं."

आता मला कळलं, पाऊस लागला की हा माणूस सकाळी उठून आधी पेपर का धुंडाळतो, कुठली बातमी शोधतो. एवढी वर्षं मी रोज लोकांच्या छातीतलं बघते, आणि घरातल्या माणसाच्या छातीत एवढा धोंडा आहे हे मला दिसलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"आईंना तरी बोललात का?"

"तिनं तर तेव्हाच सांगितलं होतं." आवाज एकदम खाली गेला. "तिचा बाप विहिरी बांधायचा ना. म्हणाली, अहो, ती भोकं राहू द्या, पाण्याला वाट लागते. मी म्हटलं, गवंडी मी का तू? सगळ्या मजुरांसमोर म्हटलं. हसले सगळे. नंतर कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, तुझंच खरं होतं?"

"उद्या मी रजा टाकते," मी म्हणाले. "जाऊन बघू. भिंत फुगली असेल, तडकली असेल, तर तिथल्या ऑफिसात सरळ सांगायचं. मग कुणाचीच पोरं बसणार नाहीत खाली."

"आणि माझं नाव?"

"नाव काय चाटायचंय?"

जरा जास्तच तिखट गेलं तोंडातून. पण ते चिडले नाहीत. "खरंय," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन उद्याचा सदरा काढून ठेवला, टेप त्याच्या खिशात घातला. काम सोडून सात वर्षं झाली तरी टेपशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.

दोन बस बदलून आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. फाटकापासून वाट थेट झाडांत शिरते. उंच सुरूची झाडं, खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, पाऊल टाकलं तर आवाज नाही. समुद्र दिसत नव्हता, पण सारखा ऐकू येत होता. मध्येच तटाचा एखादा तुकडा, एक कमान, शेवाळलेल्या पायऱ्या कुठेच न जाणाऱ्या. मला तर फार आवडलं. सासऱ्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. चेहरा असा, की शेजारून जाणारा माणूस मला विचारून गेला, "आजोबांना बरं नाही का?"

शेवटच्या वळणावर ते थांबले. एका झाडाला हात लावून उभे राहिले.

"पुढं भिंत आहे. तूच बघून ये."

"आणि मला काय कळणार त्यातलं?"

"पोट आलंय का बघ. भिंतीचं पोट. आडव्या चिरा आहेत का बघ."

मी गेले. वळणापुढे झाडं संपली आणि हिरवळ आली, आणि हिरवळीपलीकडे भिंत. दोन पुरुष उंच, काळ्या दगडांची, अंगावर गवत, वर बुरूज. सरळसोट उभी. कुठे पोट नाही, कुठे चीर नाही. आणि खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर ओळीने ओल होती. जवळ जाऊन वाकले. भोकं होती. प्रत्येकातून थेंब थेंब पाणी गळत होतं, खाली छोटा पाट झाला होता. मी मोजली. अकरा.

"बाबा!" मी अशी ओरडले की झाडावरचे पक्षी उडाले. "बाबा, या इकडे! पाणी येतंय!"

ते आले. अर्धे चालत, अर्धे धावत. पहिल्या भोकाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आत बोट घातलं. मग बोट बाहेर काढून बघतच राहिले. मग पुन्हा घातलं.

तेवढ्यात खाकी कपड्यातला राखणदार आला. हातात लांब तार. "काय हरवलं काय आजोबा?"

"ही भोकं," सासरे म्हणाले. "ही कुणी पाडली?"

"मी लागलो त्याच्या आधीपासूनची आहेत. पंधरा वर्षं झाली मला. दर पावसाळ्याआधी मी तार घालून साफ करतो. आतमध्ये रबराच्या नळ्या बसवल्यात, बघा."

मी वाकून बघितलं. भोकाच्या आत, बोटाच्या पेरावर, लाल रबराचं कडं होतं. जाड. ओळखीचं.

सासरे तसेच गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या भोकाशी गेले, मग तिसऱ्या. एक काडी घेऊन त्यांनी नळीत सारली, टोक अडलं तशी नळीच्या तोंडाशी नख धरलं आणि बाहेर काढून टेपला लावली. नऊ इंच. एक वीत. चौथ्या भोकाशी पुन्हा तेच. नऊ इंच. मग त्यांनी टेप खिशात ठेवला, कारण पुढचं गणित त्यांना टेपशिवाय येत होतं.

"अकरा विती," ते म्हणाले. "सव्वाआठ फूट."

अगं बाई.

"काम झाल्यावर पाणी मारायला आठ दिवस तीच येत होती," ते भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते. "मी पुढच्या कामाला लागलो होतो. मसाला ओला असताना उकरलीन सगळी. एकटीनं. आणि घरी येऊन मला म्हणाली, उंदरानं खाल्ला."

राखणदाराला यातलं काही कळलं नाही, पण माणूस गप्पिष्ट होता. "आमच्या इंजिनिअर बाई दर वर्षी तपासायला येतात ना, त्या म्हणतात, ज्या गवंड्यानं हे केलं तो मोठा हुशार असला पाहिजे. कागदावर कुठं नाव नाही त्याचं. तुम्हाला माहितीय का कोण?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या नावाची भीती बाळगली, ते आता आयतं मखरात बसत होतं. नुसतं 'मी' म्हणायचं होतं.

"माहितीय की," ते उठत म्हणाले. "गवंडी गाढव होता. बायको शहाणी होती त्याची."

राखणदार खो खो हसला आणि तार घेऊन पुढे गेला.

तो गेल्यावर मात्र सासऱ्यांनी भिंतीला पाठ लावली आणि ते रडले. चांगले मोठ्याने, नाक ओढत. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"बोलली का नाही गं ती? एवढी वर्षं शेजारी बसून पेपर वाचला मी!"

"तुम्ही तरी कुठे बोललात? त्यांना काय माहीत, तुम्ही कशाला घाबरताय ते. त्यांना वाटलं असेल, तुम्हाला कळलं तर तुमचा पाणउतारा होईल."

"मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही."

"हो."

"पाइपसाठी!"

मी त्यांचा हात धरला. हॉस्पिटलात दिवसभर जे म्हणते तेच तोंडातून आलं. "झालं बाबा. सोडा आता श्वास."

त्यांनी सोडला. मग आम्ही त्या भिंतीखालीच डबा खाल्ला. भिंतीला अगदी टेकून, आणि माझ्या वाट्याचंही त्यांनीच अर्धं संपवलं. माझा जीव असा भांड्यात पडला होता की माझं ते बघूनच पोट भरलं.

घरी आल्यावर शाळेच्या कागदावर त्यांनीच सही केली, कपाच्या डागाशेजारी. मुंगीला बजावलं, भिंतीखाली भोकं आहेत, मोजून ये, आणि पाण्याखाली हात धरून ये.

"का?"

"आजीचं काम आहे ते."

मुंगी अकरा मोजून आली. वर्गात तिने आजीचं असं काही वर्णन केलं म्हणे, की बाईंना वाटलं बुरूजही आजीनेच बांधला.

पुढच्या रविवारी मी बाजारातून नवा पाइप आणला. हिरवा, चांगला लांब, अंगणाबाहेरसुद्धा पोचेल असा. सासऱ्यांनी तो हातात घेऊन बघितला, छान आहे म्हणाले, आणि गुंडाळी न सोडता खिळ्याला टांगला.

संध्याकाळी मी खिडकीतून बघत होते. त्यांनी लाल पाइप ओढत नेला, एकेका कुंडीला पाणी घातलं, आणि शेवटच्या गुलाबाच्या आधी पाइप संपला तशी नळ बंद केला. तोंडातून अवाक्षर नाही. मग बादलीतून तांब्या भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, हळूहळू गुलाबाकडे चालत गेले.