बिनडागाचा खडा

कापडातला दोष माझ्यापासून लपवून दाखवा, असं मी भिवंडीत कुणालाही छातीठोकपणे सांगायचो. एकोणतीस वर्षं एकाच शेठच्या गोदामात कापड तपासलं. लूमवरून आलेला तागा टेबलावर ओढायचा, तुटलेला धागा, तेलाचा ओघळ, विणीतली गाठ दिसली की लाल खडूने खूण करायची आणि तागा 'सेकंड'च्या ढिगात फेकायचा. सेकंड म्हणजे डागाचा माल, निम्म्या भावात जाणारा. माझी खूण झाली की खुद्द शेठ वाद घालत नसे. मी पास केलेला माल कधी परत आला नाही. आमच्या अंजूरपासून मानकोलीपर्यंत लोक मला केसरीनाथ चेकर म्हणून ओळखायचे आणि मला त्याचा माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे, आता कशाला लपवू.

अशा माणसाच्या पोटी बकुळा आली. बाराव्या वर्षी तिच्या उजव्या कानाखाली, मानेवर, रुपयाएवढा पांढरा डाग उठला. तो तेवढाच राहिला. डॉक्टर म्हणाले, पसरणार नाही, कुणाला लागणारही नाही. पण डॉक्टर काय सोयरीक जुळवायला येतात? तीन स्थळं आली, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. बकुळा मात्र केस वर बांधून, मान उघडी टाकून त्यांच्यासमोर बसायची. माझी बायको हौसा ओरडायची, "अगं, झाक की ते!" त्यावर ही म्हणायची, "झाकून कुठवर झाकशील आई? लगीन झाल्यावर दिसंलच ना." मला तिचं कौतुक वाटायचं आणि संतापही यायचा. पोरगी तेवीस वर्षांची झाली होती.

शहाण्णव साली मानकोलीच्या हिरामणचं स्थळ आलं. पोरगा स्वतःचा टेम्पो चालवायचा, सरळ होता, दारूचा वास नव्हता. मी घसा खाकरून डागाचा विषय काढला, तर तो मला मध्येच तोडून म्हणाला, "दिसला मना. मंग काय?" एवढंच. मी गोठ्याकडे जाऊन डोळे पुसले. हौसाने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली, आणि बकुळा, जी कुणासमोर लाजत नसे, ती चहाचे कप घेऊन आत गेली ती बाहेरच येईना.

हिरामणची आई ठकुबाई मोठी ठसक्याची बाई. तिच्या दिराची जमीन गोदामवाल्याने घेतली होती, तेव्हापासून त्यांच्या भावकीचा तोराच बदलला होता. ती म्हणाली, "मना हुंडा नको, भांडी नको. पन आमच्यात आता साखरपुड्याला पोराच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालतान. बारकी असली तरी चालंल, पन हिऱ्याची." मी लगेच हो म्हटलं. डागासकट पोरगी घेणाऱ्या बाईला अंगठीला नाही कसं म्हणणार?

हौसाने आपली मोहनमाळ काढून दिली. ती मोडून जे पैसे आले तेवढ्यात हिरा भागवायचा होता. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी हिरा पाहिला नव्हता, पण मला कसली भीती? हिरा काय आणि कापड काय, दोष ओळखला की झालं. त्यातून एक हट्ट माझ्या डोक्यात बसला होता. तो बायकोलाही सांगितला नव्हता. पोरीत डाग आहे, निदान अंगठीत तरी नको. त्या लोकांना काढून दाखवायला एवढासाही दोष सापडता कामा नये.

बाजारपेठेतल्या चांगदेव सोनाराकडे आमचा बापजाद्यांपासूनचा व्यवहार. बकुळाला बरोबर घेऊन गेलो, कारण हिरामणच्या बोटाचं माप तिने दोऱ्याला गाठ मारून आणलं होतं. ते कसं आणि कधी मिळवलं, हे मी विचारलं नाही. चांगदेवने आमचं बजेट ऐकलं, डोकं खाजवलं आणि कपाटातून एक जुनी अंगठी काढली. मुंबईला राहायला गेलेल्या कुठल्याशा कुटुंबाने ती विकायला ठेवली होती. खडा मसुराच्या डाळीएवढा.

"नवा घ्यायला जाल तर तुमच्या पैशात मोहरीएवढा येईल," चांगदेव म्हणाला. "ह्यात मोठा मिळतोय. सोनं वितळवून मापाने नवी करून देतो."

मी खिशातून माझं भिंग काढलं. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं भिंग. ते मी सगळीकडे घेऊन फिरायचो. दुकानातल्या दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तसा मी आणखी ऐटीत वाकलो. खड्याच्या पोटात, एका कडेला, काळा ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा.

"चांगदेव, मला सेकंडचा माल दाखवता?" मी भिंग काउंटरवर आपटलं.

"अहो, जमिनीतून निघालेला दगड आहे. आत काहीतरी असायचंच," तो शांतपणे म्हणाला. "हा ठिपका नसता तर हा तुम्हाला परवडला नसता. खरेपणा असा बघायचा." त्याने अंगठी तोंडाजवळ नेऊन खड्यावर 'हा' केलं. खडा धुरकटला आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत लख्ख झाला. "खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही."

"कापडाला पाणी मारून वजन वाढवणारे मी रोज बघतो," मी म्हणालो. "मला फुंकरा दाखवू नका."

बकुळाने अंगठी हातात घेतली होती. तिनेही हळूच 'हा' करून बघितलं आणि लहान पोरीसारखी हसली. "बाबा, हीच घ्या. तो डाग साध्या डोल्यांना दिसतबी न्हाय. आनि हिरा तर खरा हाय."

मी चिडलो. दोन बायका बघत होत्या, सोनार मला शिकवत होता, वर ही. मी जे बोललो ते पुऱ्या दुकानाला ऐकू गेलं. "डागाची वस्तू ती डागाचीच. कुणी फुकट दिली तरी दारात ठेवू नये!"

बकुळाने अंगठी खाली ठेवली. चांगदेवने एकदा तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अंगठी डबीत घातली. अंजूरच्या रिक्षात बसल्यावर तिने केसांचा आकडा काढला आणि केस मानेवर मोकळे सोडले. मला वाटलं, वाऱ्याने सुटले असतील. काय नजर माझी!

चार दिवसांनी मी एकटाच कल्याणला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, आता ते दुकानही तिथे नाही. गार हवेचं यंत्र, मखमली खुर्च्या, आणि विक्रेता मला येता-जाता काका म्हणणारा. त्याने काढलेल्या अंगठीतला खडा चांगदेवच्या खड्याहून मोठा होता, आणि आमच्याच पैशात बसत होता. मी अर्धा तास भिंग लावून बसलो. वरून बघितला, खालून बघितला, उजेडात, सावलीत. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. विक्रेता म्हणाला, "काका, असं बघणारं गिऱ्हाईक आजवर आलं नाही." मी फुगलो. पैसे दिले, डबी घेतली आणि बिलाची घडी न उलगडता खिशात टाकली.

घरी बकुळाने अंगठी बघितली. "बाबा, चांगदेवकाकांना येकदा दाखवून येऊ का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या बापापेक्षा त्याला जास्त कळतं काय?" तिने डबी मिटली.

साखरपुडा आमच्या अंगणात झाला. दोनेकशे माणूस. बकुळाने मोतिया रंगाचं पातळ नेसलं होतं आणि केसांचा सैल अंबाडा अगदी खाली, मान झाकेल असा घातला होता. हौसा म्हणाली, "आज शहाणपन सुचलं पोरीला." बकुळाने हिरामणच्या बोटात अंगठी घातली तेव्हा उन्हात खडा असा चमकला की मांडवातल्या बायका "अगो बया" म्हणाल्या. ठकुबाई खूश झाली. मी तर लोकांना पुन्हा पुन्हा सांगत होतो, "भिंगाखाली अर्धा तास तपासलाय. केसाएवढा डाग काढून दाखवा."

ते ऐकून हिरामणचा मामा महादू उठला. हा मुंबईत एका हिरेवाल्याच्या ऑफिसात शिपाई होता. वाईट माणूस नव्हता, उलट कौतुकानेच आला. "बघू रं भाच्या," म्हणत त्याने हिरामणचा हात धरला, उजेडात फिरवला आणि खड्यावर 'हा' केलं.

खडा धुरकटला. मी वाट बघत राहिलो. धुरकटलेलाच राहिला. महादूने धोतराच्या टोकाने पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. बकुळा माझ्याकडे बघत होती. त्या मांडवात त्या क्षणी महादूखेरीज दोघांनाच सगळं कळलं होतं, तिला आणि मला. महादू अवघडून आपल्या बहिणीला म्हणाला, "ताय, ह्यो हिरा न्हाय गो. बनवलेला खडा हाय. खऱ्यात येवढी सफाई आपल्यासारख्याच्या पैशात मिलतच न्हाय."

मी ओरडलो, "फसवलं मना! कल्याणच्या दुकानवाल्यानं फसवलं!"

"तुमाला?" ठकुबाई उभी राहिली. "येकोनतीस वर्सं माल तपासनारा मानूस तुमी. आता सगल्यांना काय सांगत व्हते, अर्धा तास बघितला म्हनून? तुमच्या डोल्यांतून केस सुटत न्हाय, आनि काच सुटली?"

आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली तेच माझ्या विरुद्ध साक्षीला उभं होतं. दोनशे माणसांत एकालाही वाटलं नाही की मी फसलो असेन. सगळ्यांना वाटलं, केसरीनाथने जाणूनबुजून काच दिली.

"पोरगी डागाची हाय हे पोटात घातलं," ठकुबाई म्हणाली, "तर ह्यांनी आमाला पुरतं अडानीच समजलान." हिरामणने बकुळाकडे बघितलं. मग त्याने आईकडे बघितलं, अंगठी काढली आणि कुंकवाच्या ताटात ठेवली. मानकोलीची माणसं जेवायलाही थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या दुकानात जाऊन मी आरडाओरडा केला. विक्रेत्याने मला काका न म्हणता बिल उलगडायला लावलं. त्यात सोन्याचं वजन होतं आणि 'एक पांढरा खडा' असं लिहिलं होतं. हिरा हा शब्द कुठेच नव्हता. खडा अर्धा तास तपासणाऱ्याने कागद अर्धं मिनिट वाचला नव्हता.

तिथून चांगदेवकडे गेलो. त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं. न विचारता त्याने ती जुनी अंगठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"अजून विकली नाही?" मी विचारलं.

"तुमची मुलगी दुसऱ्याच दिवशी एकटी आली होती. म्हणाली, आठ दिवस कुणाला देऊ नका, बाबांचा राग उतरला की घेऊन येते."

मी खड्यावर 'हा' केलं. वाफ दिसली न दिसली तोच गेली. त्याच्या पोटातला तो ठिपका आता मला भिंगाशिवाय दिसत होता, किंवा तसं वाटत होतं. मला रडू आलं आणि मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रडलो.

मानकोलीला माणसं पाठवली, स्वतः जाऊन ठकुबाईच्या पायरीवर बसलो. दार उघडलं नाही. दिवाळीनंतर हिरामणचं लग्न झालं. केसरीनाथने खोटा हिरा घातला, ही गोष्ट सगळ्या तालुक्यात फिरली, आणि त्यानंतर आमच्याकडे एक स्थळ येईना. बकुळा मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती घरातलं सगळं करायची, मला पाणी द्यायची, आणि उन्हाळ्याच्या घामातसुद्धा केस मानेवर सोडून वावरायची. एकदा मी म्हणालो, "बांध की गो केस, उकडतंय." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दारात बसलेय, लोक बघतान."

तीन वर्षांनी खारबावचं एक स्थळ आलं. बिजवर, दोन पोरं, वय बेचाळीस. बकुळाने त्याला न बघताच हो म्हटलं. तो आपल्या थोरल्या भावाला घेऊन आला. अंगठी नको, मानपान नको, फक्त पोरं सांभाळणारी बाई हवी. थोरल्या भावाने सुपारी कातरत मला सहज विचारलं, "पोरीत काही दोष?"

मी तोंड उघडलं, पण बकुळा आतून आली. तिने दोन्ही हातांनी केस वर घेतले, मान वळवली आणि डाग थोरल्या भावाच्या डोळ्यांपुढे धरला.

"ह्यो हाय," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. डागाचा माल आमचे बाबा दारात ठेवत न्हाईत, येकदा दिला की परत घेत न्हाईत."

थोरल्या भावाने मान हलवली आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं. लग्न पुढच्या महिन्यात झालं.