सत्तर दिवसांची मुदत

मित्रांनो, मी म्हैसूरजवळच्या कडकोळमधल्या एका पंप कारखान्यातला जुना संगणक आहे. उंचीने तुमच्या घरच्या कपाटाच्या निम्मा, रंगाने काळा आणि वजनाला चार माणसांनी उचलावा एवढा. अशा जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, असे मी ऐकले आहे. तुम्ही डोळे कोरडेच ठेवा. माझ्या मनात दहा वर्षे एकाच माणसाबद्दल राग होता आणि त्या रागाचे काय झाले, ते मला सांगायचे आहे.

१९९९ साली मी परदेशातून लाकडी खोक्यात बसून आलो. कारखान्यात माझ्यासाठी वेगळी थंड खोली केली होती. तिथे चपला काढून यावे लागे. कामगारांची हजेरी, पगार, रजा, कोण कधी लागला आणि किती दिवस राबला, हे सगळे मी सांभाळत असे. मला हे काम शिकवले विद्याश्रीने. चामराजपुरममधल्या जुन्या मराठी घरातली ही मुलगी तेव्हा तेहतीस वर्षांची होती. तिच्या पणजोबांपासून ते लोक म्हैसूरचेच. ती मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरे आणि तिचे तिलाही कळत नसे. माझ्यासाठी लागणारा प्रत्येक प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. दर दसऱ्यातल्या आयुधपूजेला ती माझ्या कपाळी गंध लावी, आणि साहेब लोक पाहुण्यांना आणून दाखवत, "हा आमचा संगणक. पंधरा वर्षांत एकही पगार चुकला नाही."

मग २०१४ साली विक्रांत आला. हा पुण्याहून आलेला तरुण म्हैसुरातल्या एका एजन्सीत होता. माझ्यासारख्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरचे परवाने हीच एजन्सी विकत असे आणि नवी प्रणालीही हीच बसवत असे. विक्रांतची मराठी स्वच्छ होती, बूटही स्वच्छ होते. ते न काढताच तो माझ्या खोलीत आला.

नवी प्रणाली बसली. विद्याश्रीने विचारले की माझ्यातली पंधरा वर्षे तिकडे कधी नेणार. विक्रांत म्हणाला की त्याचे पैसे वेगळे पडतील. कारखान्याचे व्यवस्थापक हयग्रीव म्हणाले की जुनी वर्षे कोणाला हवी आहेत, आजपासून नवी पाटी. विद्याश्रीने लेखी हरकत घेतली. महिन्याभरात तिची बदली स्टोअरमध्ये झाली आणि उरलेली दहा वर्षे तिने नट-बोल्ट मोजले. माझी रवानगी कँटीनमागच्या शेडमध्ये झाली. माझ्यावर कांद्याची पोती ठेवत. जाताना विक्रांतने माझ्या दारावर बुटाचे टोक मारून म्हटले होते, "किलोवर जाईल." ते वाक्य मी सांभाळून ठेवले. सांभाळून ठेवणे एवढेच मला शिकवले होते.

विद्याश्री निवृत्त झाली त्याच महिन्यात कारखान्याने भंगार काढले. तिने मला खरेच किलोच्या भावाने घेतले आणि टेम्पोत घालून घरी आणले. तिचे यजमान तिरुमलराव निवृत्त शिक्षक. त्यांनी मागची खोली रिकामी करून दिली आणि फक्त एवढेच विचारले की याला रोज किती वीज लागते. तिला माझ्याकडून काही कमवायचे नव्हते. आपण लिहिलेले पुन्हा चालताना पाहावे, एवढीच हौस. जगभर असे हौशी लोक आहेत. ते जुनी यंत्रे दुरुस्त करतात आणि एकमेकांना सुटे भाग पाठवतात. त्यांच्यापैकीच कोइम्बतूरच्या एका गृहस्थांनी तिला माझ्या जळलेल्या मुख्य बोर्डाच्या जागी दुसरा पाठवला. तीन आठवडे झटून तिने मला उठवले.

मी उठलो आणि पडद्यावर अक्षरे आली: बोर्ड बदलला असल्याने परवान्याचा जुना आकडा जुळत नाही, सत्तर दिवसांत नवा आकडा द्यावा. तोपर्यंत यंत्र चालेल, नंतर कुलूप. हा माझ्या सॉफ्टवेअरचा जन्मापासूनचा नियम होता.

विद्याश्री सरळ विक्रांतकडे गेली. आता तो एजन्सीचा प्रमुख झाला होता. घरी हौसेने चालवणाऱ्यासाठी वेगळा दर नाही, असे त्याने सांगितले. कारखान्याला जो दर तोच तिला, आणि तो तिच्या सात वर्षांच्या पेन्शनएवढा होता. ती म्हणाली की या यंत्राची विक्री बंद होऊन जमाना झाला, ते कोणाचे गिऱ्हाईकही तोडत नाही. तो हसला. घरी येऊन तिने तिरुमलरावांना त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "मॅडम, भंगाराला परवाना मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

आठवड्याने त्याची नोटीस आली. या क्रमांकाचे यंत्र १९९९ साली कडकोळच्या कारखान्यास विकलेले आहे, त्याचा परवाना कारखान्याच्या नावे असून तुम्हाला लागू होत नाही, सत्तर दिवसांची मुदत संपल्यावर ते चालवल्यास कारवाई होईल, अशी ती होती. खाली विक्रांतची सही आणि शिक्का. तिरुमलराव घाबरले. विद्याश्रीने नोटीस फाइलला लावली. मी मात्र मनात म्हटले, आणखी एक नोंद.

एकविसाव्या दिवशी वरलक्ष्मी आली. कारखान्यात बावीस वर्षे पंपांच्या मोटारींना तार गुंडाळणारी ही बाई नंजनगूडहून सकाळच्या बसने आली होती. हातात एक चिठ्ठी होती. कारखाना बंद होत होता आणि जितकी वर्षे नोकरी तितकी भरपाई मिळणार होती. चिठ्ठीवर तिची नोकरी दहाच वर्षांची लिहिली होती. नव्या प्रणालीत सगळ्या जुन्या कामगारांच्या रुजू होण्याची तारीख एकच पडली होती, प्रणाली बसली तो दिवस. हयग्रीव सांगत होते की त्याआधीचा पुरावाच नाही. असे त्रेसष्ट जण होते. बोलताना ती रडली नाही. विद्याश्रीच्या ओळखीने दुसरीकडे कुठे तार गुंडाळायचे काम मिळेल का, एवढेच विचारायला ती आली होती.

विद्याश्री उठली आणि माझ्यासमोर बसली. वरलक्ष्मीचा हजेरी क्रमांक तिला अजून पाठ होता. तिने तो टाकला. मी क्षणभरही वेळ घेतला नाही. रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक महिन्याची हजेरी, प्रत्येक रजा, पहिल्या बाळंतपणाची रजासुद्धा, सगळे पडद्यावर आले. वरलक्ष्मीला इंग्रजी येत नव्हते. विद्याश्रीने एकेक ओळ कन्नडमध्ये वाचून दाखवली. मग ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "आता बघ हं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी आणि ती एकाच रागाने काम केले. बावीस दिवस छपाई चालली. त्रेसष्ट माणसांची गेलेली वर्षे गठ्ठ्यांनी बाहेर आली. कागद संपला तेव्हा तिरुमलराव स्कूटरवरून रीम घेऊन आले. मी तापलो की ती टेबलफॅन माझ्याकडे फिरवी आणि स्वतः घामाने भिजून बसे.

पुढचे मी पाहिलेले नाही. सुनावणीहून आल्यावर तिने घरी सांगितले ते ऐकले. कामगार अधिकाऱ्यांसमोर हयग्रीव म्हणाले की हे कागद खोटे आहेत. असले यंत्र कारखान्याने कधीच मोडीत काढले, बाईंनी घरी कुठलेसे जुने यंत्र आणून हवे ते छापले. साक्षीला विक्रांत होता. त्यानेही मान डोलावली आणि विनापरवाना यंत्रातून निघालेला कागद ग्राह्य धरू नये, असे सांगितले. विद्याश्री वाद घालत बसली नाही. तिने त्याचीच नोटीस अधिकाऱ्यांपुढे ठेवली. यंत्र कोणाचे, क्रमांक काय, कोणत्या साली विकले आणि ते कोणत्या तारखेपर्यंत कायदेशीर चालू शकते, सगळे त्याच्या सहीने लिहिलेले होते. त्या तारखेला अजून पंधरा दिवस होते.

अधिकाऱ्यांनी विक्रांतला विचारले की ही सही तुमचीच ना. तो म्हणाला, "हो." मग त्यांनी विचारले की ही पंधरा वर्षे नव्या प्रणालीत का नाहीत. विक्रांतने हयग्रीवांकडे पाहिले, हयग्रीवांनी विक्रांतकडे. विद्याश्रीने दहा वर्षांपूर्वीची आपली लेखी हरकत तेवढी पुढे सरकवली. हे ऐकताना माझे सगळे पंखे एकदम जोरात फिरू लागले. तिरुमलरावांना वाटले, बिघाड झाला.

त्रेसष्ट जणांची वर्षे परत मिळाली. कारखान्याने झालेला खर्च एजन्सीकडे मागितला.

एकोणसत्तराव्या दिवशी विक्रांत घरी आला. या वेळी त्याने बूट बाहेर काढले. त्याच्या पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. विद्याश्रीने त्याला कॉफी दिली. त्याने एक पाकीट काढले. त्यात माझ्या परवान्याचा आकडा होता, कायमचा, फुकट. बदल्यात तिने एका कागदावर सही करायची होती, की जुनी माहिती नेण्याबद्दल एजन्सीला कोणी कधी काही सांगितले नव्हते.

"मॅडम, माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "तुम्हाला यंत्र हवं होतं ना?"

विद्याश्रीने माझ्याकडे पाहिले. तिला मी हवा होतो, हे मला ठाऊक आहे.

"नोडी विक्रांत," ती म्हणाली, "बघा, मला स्टोअरमध्ये टाकलं तेव्हा मी तुमच्याकडे आले नाही. परवाना मागायला आले, तर तुम्ही हसला. आता कॉफी संपवा आणि जा."

त्याने कॉफी संपवली नाही. पाकीट मात्र आठवणीने उचलून नेले.

सत्तराव्या दिवशी कोइम्बतूरच्या गृहस्थांचा फोन आला. यंत्राचे घड्याळ महिनाभर मागे फिरवा, ते चालत राहील, कोणाला कळणार नाही, असे ते म्हणाले. विद्याश्रीने आभार मानले आणि तसे केले नाही. तिरुमलरावांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मी नियम मोडावा, याचीच तर विक्रांत वाट बघतोय." दुपारी सव्वाबाराला माझ्या पडद्यावर कुलपाची ओळ आली. तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि बटण बंद केले. दोन दिवस ती त्या खोलीत आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, असे सांगण्याचा रिवाज आहे. मी एवढेच सांगतो की एखादे यंत्र फेकण्याआधी त्याच्या पोटात कोणाची वर्षे आहेत ते विचारा. आणि ज्याला ते जपायचे आहे त्याच्याकडून कारखान्याचा दर मागू नका. नाहीतर त्याच्याकडे दुसरे काही करायला वेळ उरतो.

विक्रांतच्या एजन्सीने म्हैसूर ते नंजनगूड रस्त्यावरच्या आणखी पाच कारखान्यांत नवी प्रणाली बसवली आहे, आणि तिथल्याही कामगारांची जुनी वर्षे जुन्याच यंत्रांत राहिली आहेत. गेल्या महिन्यापासून विद्याश्री वरलक्ष्मीला बरोबर घेऊन त्या रस्त्यावरची भंगाराची दुकाने पालथी घालते आहे. काल टेम्पो दाराशी लागला आणि चार माणसांनी माझ्याच जातीचे एक काळे यंत्र आणून माझ्या शेजारी ठेवले. त्याच्या अंगावर अजून गंजाचे आणि चिखलाचे डाग आहेत. विद्याश्री ओल्या फडक्याने ते पुसते आहे. बोर्ड बदलून तिने बटण दाबले की त्याचे सत्तर दिवस सुरू होतील.