सहदेवबाबाची भाजलेली उदी

मोहन्याच्या मैदानात सकाळपासून ही भली मोठी रांग. पुढे सहदेवबाबा, त्याच्यासमोर धुनी, धुनीवर तवा आणि तव्यात उदी. मागे बाबाचा मका, माणसाच्या डोक्यावर गेलेला, ताटाला दोन-दोन कणसं. लोक त्या मक्याच्याही पाया पडत होते!

"उदी मातीला, मका छातीला!" बाबा ओरडला. "दुसरं खत टाकाल तर उदी कोपेल!"

यमक जुळलं की आमच्या लोकांना ते शास्त्र वाटतं.

माझी शेजारीण केशरबाई सुनेला, संचिताला, घेऊन पुढे गेली. जूनमध्ये नेलेली उदी घालूनही त्यांचा मका गुडघ्याएवढाच, पिवळाफटक.

बाबानं संचिताकडे बोट दाखवलं. "हिचा विटाळ लागला. सव्वा वर्ष हिला शेतात पाऊल टाकू देऊ नकोस."

"पण बाबा, पेरलेला पण तिनंच ओ," केशरबाई म्हणाली.

"मग बरोबर!"

संचिता खाली मान घालून रडू लागली. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते; हा मूर्खपणा मला ऐकवेना.

"बाबा, काय भाजताय?"

"भाजत नाही, रोवेना टीचर. उदी जागवतोय."

त्याच्या आसनाखालून हिरव्या पिशवीचा कोपरा डोकावत होता. मी ती ओढली आणि मोठ्यानं वाचली, "मुळांसाठी जिवंत बुरशी. उन्हात किंवा आगीजवळ ठेवू नये."

रांगेतले लोक पिशवी बघायला पुढे सरकले.

"ही बुरशी मुळांत राहते," मी म्हणाले. "मूळ जिथे पोचत नाही तिथलं अन्न तिचे तंतू आणून देतात. यानं स्वतःच्या मक्याला ही कच्ची घातली, वर शेणखत, ते बघा बुंध्याशी. तुम्हाला भाजून दिली, म्हणजे मेलेली. आणि दुसऱ्या खताला बंदी!"

"पण भाजली कशाला?" संचितानं डोळे पुसत विचारलं.

"भाजली की राखेसारखी होते," मी म्हणाले. "कच्ची तपकिरी दिसते. तिला उदी कोण म्हणेल?"

बाबा चाचरला. "ती जिवंत असते हे मला काय ठाऊक?"

म्हणजे लुच्चा तर होताच, वर अडाणीही! पिशवी रोज हाताळायचा, पण वाचायची तसदी कधी घेतली नाही. आणि दोष कोणाला, तर राबणाऱ्या सुनेला.

मराठीत छापलेल्या चार ओळी होत्या. रांगेत तासभर उभं राहण्यापेक्षा त्या वाचायला एक मिनिट द्या, आणि कोणी पोरीबाळींना विटाळ चिकटवला तर आधी त्याचं आसन उचलून बघा.

केशरबाईनं हातातली उदी धुनीत टाकली आणि पिशवी सुनेला दिली.

"संचिता, नीट वाच गं. पुढची पेरणी पण तूच करायचीस."