जागं होण्याचा डाव

मी एक फासा. सोंगट्यांच्या खेळातला नव्हे. मला वीस बाजू आहेत, त्यामुळे कुठल्याच बाजूवर फार काळ बसवत नाही. कुठल्याशा कारखान्यात निळ्या प्लास्टिकच्या रसातून जन्मलो आणि कुरिअरनं सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या महेश्वरीकडे आलो.

महेश्वरी शाळेत भूगोल शिकवते. रविवारी दुपारी तिच्याकडे गोष्टीचा खेळ रंगतो. जग ती सांगते, मित्र त्यातली पात्रं होतात. अवघड प्रसंग आला की मला टाकायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. माणसं मला टाकण्याआधी फुंकर मारतात आणि मनासारखं पडलं नाही तर माझ्याकडेच रागानं बघतात.

एका रविवारी तिनं स्वप्नातलं राज्य मांडलं. "इथं पायांनी अंतर कापत नाही," ती म्हणाली. "ज्याची ओढ जास्त, ते जवळ येतं. पण जागं व्हायचं ते सगळ्यांनी मिळून. एक जण आत राहिला तर कुणीच सुटत नाही."

शिवलीलानं आकाशात तळं मागितलं. अभिमन्यूनं बोलणारा घोडा. उरला कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीहून दर रविवारी येणारा बसू. त्याची आई, चन्नम्मा, नुकतीच गेली होती. सगळ्यांना ते माहीत होतं, विषय कुणी काढत नव्हतं.

"समोर दार हाय," बसू म्हणाला. "आत माजी आई हाय."

महेश्वरीनं मला उचललं, तसंच खाली ठेवलं. त्या बाईच्या तोंडी शब्द घालायला तिची जीभ उचलेना.

"काय करतायत त्या? तूच सांग," ती हळूच म्हणाली.

"शेंगा सोलतीय. मला म्हणतीय, बा, ऊट माडु. ये, जेव."

पुढं स्वप्न ढासळू लागलं. जागं होण्यासाठी शिवलीलानं मला टाकलं, अभिमन्यूनंही टाकलं. दोघांचं जमलं. बसूनं मात्र मला मुठीत धरून ठेवलं.

"टाक की," अभिमन्यू म्हणाला. "आमी अडकलोय."

"टाकलं तर उठावं लागंल," बसू म्हणाला, आणि मला मुठीत घेऊनच निघून गेला.

तेव्हापासून मी त्याच्या खिशात. पुढचे रविवार तो गेलाच नाही. काढायचा, बोटांनी फिरवायचा, परत ठेवायचा. मला खाली पडायची इतकी तळमळ कधी लागली नव्हती.

परवा वडिलांनी, ईश्वरप्पांनी, विचारलं, "काय रं ते?"

बसूनं सगळं सांगितलं. दार, शेंगा, आईची हाक. ईश्वरप्पा अंगणाकडे बघत म्हणाले, "माज्यासाठी काय म्हणली न्हाय व्हय ती?"

बसू म्हणाला, "इचारून येतो, अप्पा."

आज रविवार. एसटी खड्ड्यांतून चाललीय आणि मी खिशात या बाजूवरून त्या बाजूवर लोळतोय.

महेश्वरी, तो आला की लगेच मला टाकायला सांगू नकोस. आधी त्याला त्या दारात जाऊ दे, विचारू दे, ऐकू दे. मग तो मूठ उघडेल. कुठला आकडा पडेल ते मलाही ठाऊक नाही.