दोरीचं दुसरं टोक

जानेवारीत दुब्रोव्निकच्या जुन्या गावात येतो कोण? येतो तो घर विकत घ्यायला. देसाचं गणित सरळ होतं. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात तिच्या गल्लीत दोनच खिडक्या उघड्या: एक तिची, एक समोर लुत्सेची. मधे कप्पीवर कपड्यांची दोरी, एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे. एक्केचाळीस वर्षं त्या दोरीवरून धुणी गेली, लिंबं गेली, भांडणंसुद्धा गेली. आता लुत्सेचा मुलगा स्प्लिट शहरातून तिच्या मागे लागला होता, आई, घर विक आणि इकडे ये. लुत्से हो म्हणेना, नाही म्हणेना. देसा रोज खिडकीतून गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळा ठेवून होती.

सोमवारी सकाळी खाली एक टोपीवाला उभा. नजर लुत्सेच्या घरावर.

"बाई, लुत्सेबाई घरात नाहीत वाटतं? वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो का हो?"

झालं! हेच ते मेलं गिऱ्हाईक. लुत्से बाजारात गेलेली. देसा कोट चढवून तरातरा खाली आली.

"दिसतो की. पण ती येईपर्यंत गाव तर बघा. चला, मी दाखवते."

दाखवलं तेही निवडून. दक्षिणेचा ओला वारा सुटला होता, भिंती पाझरत होत्या. "हिवाळाभर अंथरूण ओलं," देसा म्हणाली. एकशे बारा पायऱ्या तिने त्याला मुद्दाम दोनदा चढवल्या. "गाडी नाही, घोडा नाही. किराणा पाठीवर, सिलिंडर पाठीवर!" बंद दुकानं दाखवली, बंद खाणावळी दाखवल्या. शेवटी धक्क्यावर नेऊन नेमकं असं उभं केलं की लाटेने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्हाऊ घातलं.

तो हसतच सुटला! "वा! अख्खं गाव माझ्या एकट्यासाठी!"

"डोकं फिरलंय याचं," देसा पुटपुटली. पण तो कुडकुडायला लागला तेव्हा तिला राहवेना. घरी आणून तिने धुरी दिलेलं मटण आणि कोबीचं गरम कालवण समोर ठेवलं. गड्याने दोन ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या.

समोरची खिडकी धाडकन उघडली. "अगं देसे, माझा पाहुणा का पळवलास?"

"पाहुणा?"

"ओसियेकचे मास्तर ते! तीन दिवसांसाठी माझ्याकडे खोली घेतलीये. केव्हाची चूल पेटवून बसलेय मी!"

"चाळीस वर्षं शाळेत हे गाव शिकवलं," मास्तर ओशाळून म्हणाले, "पण गर्दीच्या भीतीने कधी आलो नव्हतो."

देसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं, तुझं घर घ्यायला आलाय," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू गेलीस तर मी ही दोरी कोणाला बांधू गं?"

लुत्से हळूच म्हणाली, "काय काय दाखवलंस त्यांना?"

देसाने सगळं सांगितलं. ओल, पायऱ्या, लाट.

"मुलाने पाठवलेलं गिऱ्हाईक उद्या दहाला येतंय. पोराला नाही म्हणवत नाही मला." लुत्सेने ओला टेबलक्लॉथ दोरीवर टाकला. "तूच फिरव त्याला. आणि पायऱ्या तीनदा चढव."

देसाने डोळे पुसले आणि दोरी ओढली.

"धक्क्यावर मी नेतो," मास्तर म्हणाले. "जागा पाठ झालीये."